संडास तुंबला त्या नाताळात

१ डिसेंबर, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी घरोघरच्या प्रार्थनासभांच्या पाळ्या वाचून दाखवल्या. आमच्याकडे बावीस तारखेला. म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर अख्खी मंडळी येणार, चहा ढोसणार, फराळ चापणार आणि वर साक्षी देणार. साक्षी ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मागच्या खेपेला रतनबाई उभी राहिली आणि म्हणाली, माझी हरवलेली शेळी प्रभूने शोधून दिली. शेळी बाजारतळावर कोबीचा पाला खात होती. अख्ख्या देवळालीला दिसत होती. तेवढ्यासाठी प्रभूला कशाला कामाला लावायचं?

दिवाळीत शेजाऱ्यांनी फराळाची ताटं पाठवली होती, ती नाताळात भरून परत जायला हवीत. सगळं मी एकटी करणार. निकिता म्हणाली, "आई, मी मदत करू?" सूनबाई पुण्याच्या. ऑफिसचं काम घरूनच करतात. लॅपटॉपपुढे बसून स्वतःशीच हसायचं, त्याचा पगार मिळतो म्हणे. मी म्हटलं, "तू कढईपासून लांब राहा, तेवढी मदत पुष्कळ झाली."

ती आणि माझा मुलगा स्टीफन आमच्या ह्यांच्या, एलियांच्या, खुब्याच्या ऑपरेशनसाठी आले, ते अजून इथंच आहेत. स्टीफनला राहुरीत बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी मिळतेय. इथं राहायचं की पुण्याला परत जायचं, ते नाताळ झाला की सांगतो म्हणाला. एलिया रोज सकाळी त्याला विचारतात, "काय ठरलं रं?" मी विचारत नाही. राहायचं तर राहा, जायचं तर जा. बोर्डिंगात मेट्रन होते तेव्हा शंभरावर मुली एकटीने सांभाळल्यात, मला कुणाचा आधार लागत नाही. त्यांच्या खोलीचे पडदे मात्र नवे शिवून आणले. जुने फारच विटले होते.

५ डिसेंबर

चकल्या झाल्या. तीळ सढळ हाताने घातले. माझ्या चकलीत तीळ दिसतात, लोकांच्या चकलीत शोधावे लागतात.

कढईतला डालडा काळा पडला, तो टाकणं आलं. मोरीत ओतला की मुंग्या होतात. अंगणात ओतला की कुत्री चाटतात आणि मरियाला दिसतं. मरिया म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून शेजारच्या अर्ध्या घरात एकटी असते. आमच्यात आता एक भिंत आणि मागची संडासाची टाकी एवढंच सामायिक उरलंय. बोलणं नाही. एका लग्नात भर पंगतीत ती म्हणाली होती, "स्टेलाआक्काच्या करंजीनं खिळा ठोकावा." त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही. माझ्या घरचं काळं तूप तिच्या नजरेला पडलं असतं, तर रविवारी चर्चच्या पायरीवर तीच बातमी.

पण डोकं चालवायला मला कुणी शिकवावं लागत नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर डालडा कमोडमध्ये ओतला आणि वरून पाणी सोडलं. गेला. ना डाग, ना वास, ना मरिया.

बाहेर आले तर निकिता दारात टॉवेल घेऊन उभी. माझ्या हातात रिकामी कढई. क्षणभर कमोडकडे बघितलं तिने, मग म्हणाली, "आई, कढई घासून देऊ?" मी म्हटलं, "राहू दे. तुझी नखं झिजतील."

८ डिसेंबर, रविवार

कमोडमधलं पाणी उतरायला वेळ लावतंय. गोल गोल फिरतं आणि विचार करत बसतं.

संडास या विषयात मला कुणी शिकवू नये. बोर्डिंगात कोणत्या मुलीने काय टाकलं ते मी नुसतं पाण्याकडे बघून सांगत असे. कंगवा, बाहुली, चिठ्ठ्या, एकदा तर अख्खं प्रगतिपुस्तक. इथं प्रकार उघड आहे. निकिता रात्री तोंडाला काहीतरी फासते आणि ओल्या कागदांनी पुसून काढते. पुसायला कागद! आमची तोंडं पाण्याने धुतली जायची, ती काय झडून पडली?

जेवताना मी कुणाचंही नाव न घेता म्हटलं, "ज्यांना कागद टाकायची सवय आहे त्यांनी जरा विचार करावा." निकिता लगेच म्हणाली, "आई, मी ते कचऱ्याच्या डब्यातच टाकते." बघा. नाव कुठं घेतलं होतं मी? खाई त्याला खवखवे.

स्टीफन खाली मान घालून भाकरी कुस्करत बसला. एलिया म्हणाले, "मेट्रन, कालवण वाढ." ऑपरेशन खुब्याचं झालं, पण विषय कुठं बदलायचा ते बरोबर कळतं त्यांना.

१० डिसेंबर

काल पाणी काठापर्यंत आलं. मी अर्धी बाटली फिनेल ओतलं, बांबूच्या काठीला फडकं बांधून ढोसलं, शिव्या सोडून सगळं केलं. हे कमोड ऑपरेशननंतर बसवलंय, एलियांना उकिडवं बसता येत नाही म्हणून. माझा सुरुवातीपासूनच त्याच्यावर विश्वास नव्हता. खुर्चीवर बसून कुणी गंभीरपणे काही करू शकत नाही.

आज मात्र निकिताने कहर केला. सकाळी अंघोळ झालेली असताना भर दुपारी बंब पेटवला आणि कढत पाण्याच्या बादल्यांवर बादल्या आत नेल्या. आमचं संडास-बाथरूम एकत्रच आहे. दार लावून घेतलं. स्वयंपाकघरातला सोड्याचा डबाही आत. मी बाहेरून विचारलं, "हे काय चाललंय?" आतून म्हणते, "अंघोळ करतेय, आई." सोडा लावून अंघोळ! बाहेर आली तेव्हा घामाघूम, हाताला पोळल्याचा लाल डाग. एवढं कढत पाणी अंगावर घ्यावं का माणसाने? जळण काय आभाळातून पडतं?

असो. संध्याकाळपर्यंत माझ्या फिनेलने गुण दिला. पाणी सरसर उतरलं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. स्टीफन म्हणाला, "वा, आई." निकिता हाताला मलम लावत बसली होती, ती पण म्हणाली, "वा, आई." तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण ते काय ते सापडलं नाही.

१२ डिसेंबर

शंकरपाळ्या आणि पहिल्या करंज्या झाल्या. गल्लीतून उसाच्या ट्रॉल्या जातायत, गाणी इतक्या मोठ्याने की कढईतला डालडा थरथरतो. त्या गाण्यांना चाल नाही आणि चालवणाऱ्याला लाज नाही.

डालडा पुन्हा काळा झाला. वाट आता मोकळीच आहे, तेव्हा निर्धास्तपणे ओतला.

करंज्या यंदा खुसखुशीत झाल्यात. मरियाला एक फेकून मारली तरी तिला लागणार नाही. हेच वाईट आहे.

१४ डिसेंबर

तुंबला. पूर्ण. सकाळी एलिया वॉकर घेऊन आत गेले आणि तसेच बाहेर आले. म्हणाले, "आत जागा न्हाई." मला आधी कळलंच नाही.

आता या माणसाने जायचं कुठं? मागच्या उसात आमचे सासरे जात, पण आता तिथं बिबट्या आहे आणि एलिया वॉकरवर आहेत. बिबट्याला पळावंसुद्धा लागणार नाही. गल्लीतल्या सगळ्यांचे संडास उकिडवे. कमोड फक्त एका घरात. मरियाच्या. तिच्या लेकीने गुडघ्यांसाठी बसवून दिलाय.

एलिया म्हणाले, "मरियाकडं जाऊन येतो."

मी म्हटलं, "त्यापेक्षा थांबा."

"किती येळ थांबू, स्टेला? ह्ये काय एस.टी. हाय व्हय?"

आणि गेले. भरल्या गल्लीतून, वॉकर ठकठक वाजवत, माझा नवरा, माझ्या जावेच्या दारात, संडासाला. खिडकीच्या आड उभी राहून मी बघत होते. पाय घसरला असता तर? निकिता त्यांच्या मागे मागे हात पुढे करून चालत होती. तेवढं बरं केलं, पण तिच्यामुळेच तर ही वेळ आली.

चांगल्या तासाभराने परत आले. तोंडाला भज्यांचा वास. "मरियाचा संडास लई भारी हाय," म्हणाले. "खिडकीत मनीप्लांट ठिवलंय." संडासाला गेलेल्या माणसाला भजी चारणारी बाई मी जन्मात बघितली नाही.

दुपारी मी निकिताला स्पष्ट विचारलं, "कागद टाकलेस की नाही?" ती म्हणाली, "नाही, आई." मी म्हटलं, "माणसाने एक वेळ चूक करावी, पण कबूल करायची हिंमत ठेवावी. बोर्डिंगात मी मुलींना हेच शिकवलं." ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "चहा टाकू का?"

१६ डिसेंबर

सुनील प्लंबर आला. फोनवर बोलत आला, फोनवर बोलत वाकला आणि फोनवर बोलतच तारेची स्प्रिंग आत ढकलली. "बाहीरची लाईन जाम हाय, मावशी," मला की फोनला ते कळलं नाही. स्प्रिंग बाहेर काढली तर टोकाला पांढरं, चिकट काहीतरी. बोटांत चोळून म्हणाला, "साबन वाटतोय."

"साबण नाही," मी म्हटलं. "शाम्पू. आमच्याकडे बाटल्यांनी वापरतात."

"मंग कमोड फोडावा लागंल." कशाला ते त्याला माहीत नव्हतं. मी त्याला घालवून दिला. नाचता येईना अंगण वाकडं.

स्टीफन संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तू रोज तिला टोचून बोलतेस. तिला इथं राहायचंय. पुण्याला जाऊ असं मीच म्हणत होतो, तीच म्हणाली बाबांना सोडून नको. पण असं चाललं तर कसं राहायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाला शेजारणीच्या दारात जावं लागतंय. त्याचं कुणाला काही आहे का?"

तो उठून गेला. लहानपणी रागावला की असाच पाय आपटत जायचा. तिला इथं राहायचंय, असं म्हणाला. लॅपटॉपवाल्या बाईला देवळालीत काय ठेवलंय? कानामागून आली आणि आता माझ्याच मुलाला घेऊन जाणार, एवढंच त्यातून मला कळलं.

रात्रीची भांडी घासायच्या आधी निकिताने पुन्हा बंब पेटवला. पुन्हा बादल्या, पुन्हा सोडा, पुन्हा दार बंद. दिवसातून दोनदा अंघोळ करून घर सुधारत नाही. झोपायच्या आधी बघते तर पाणी उतरलेलं. फिनेल उशिरा गुण देतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

१९ डिसेंबर

काल उरलेल्या करंज्या तळल्या. डालड्याचं नेहमीप्रमाणे केलं. दुपारनंतर आमचा संडास पुन्हा तुंबला आणि एलियांची मरियाकडे वारी पुन्हा सुरू.

आज सकाळी मागचं दार धाडकन उघडलं आणि मरिया आत आली. कित्येक वर्षांनी तिचा पाय या घरात पडला. गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती.

"स्टेलाआक्का," ती म्हणाली, "तुमचं काय हाय ते माझ्या घरात आलंय."

मला वाटलं, एलियांबद्दल बोलतेय. पण तिचा संडास तुंबला होता. नुसता तुंबला नाही, उलटा आला होता. मनीप्लांटपर्यंत.

मी तिच्याकडे न बघता स्टीफनला म्हटलं, "त्यांना सांग, बघतो म्हणावं." ती माझ्याकडे न बघता स्टीफनला म्हणाली, "तिला सांग, लवकर बघा म्हनावं. भावजींनी आता जायाचं कुठं?"

एलिया खुर्चीत बसून होते. सकाळचा चहा त्यांनी घेतलाच नव्हता. कालपासून पाणीही कमी पितात. मी ओरडले, "प्या की!" तर म्हणाले, "नगं. प्यालं की जावं लागतं." ऑपरेशनच्या दिवशी हसत आत गेलेला माणूस. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते भिंतीकडे बघत होते. मला इतका संताप आला की काय करू सुचेना. म्हणून निकितालाच पुन्हा बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

२० डिसेंबर

मरियाच्या मागच्या अंगणात टाकीच्या अलीकडे एक चेंबर आहे, दोन्ही घरांचे पाइप तिथं मिळतात. सुनील प्लंबर लग्नाला गेलाय. स्टीफननेच पहार घालून झाकण उचललं. एलियांना खुर्ची टाकून दिली होती. मरिया, निकिता, मी, सगळे भोवती.

आत खरवसासारखा पांढरा, घट्ट गोळा. पाइपाचं तोंड गच्च बंद. कागद एकही नव्हता. स्टीफनने फावड्याने तुकडा काढून फरशीवर टाकला.

मरिया वाकली. गुडघे दुखतात तरी वाकली. "ह्यो डालडा हाय," म्हणाली. मग बोटाने दाखवत, "आन् ह्ये तीळ."

माझ्याकडे बघितलं तिने. मी तिच्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं. यंदा लिंबं बरी लागलीत.

तेवढ्यात निकिता म्हणाली, "माझ्याकडून झालं, काकू. तळलेलं तूप मीच ओतत होते."

"तू?" मरिया म्हणाली. "चकल्या तू तळल्यास व्हय?"

"हो."

"एवढे तीळ घालून?"

"हो, काकू."

मरिया नुसतं "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला आवडलं नाही.

स्टीफन लालबुंद झाला. "तुला अक्कल आहे का? बाबा कसे जातायत दिसत नाही तुला? आई इतके दिवस सांगत होती तर तोंड वर करून नाही म्हणालीस!" मी जे जे तिला ऐकवलं होतं ते सगळं त्याने ऐकवलं. सगळं काकूसमोर. निकिता खाली बघून ऐकत होती. हातावरचा भाजलेला डाग अजून गेलेला नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. थंडी फार होती.

मी काही बोलले नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. आणि तीळ काय, कुणाच्याही चकलीत असतात.

२१ डिसेंबर

संडास मोकळा झालाय. दोन्हीकडचे. एलिया आपल्या घरात जातात. माझ्याशी बोलत नाहीत.

नाताळाची उपासना झाली की पुण्याला निघतो, असं स्टीफन म्हणाला. राहुरीच्या कंपनीला नकार कळवणार. "तिला इथं जमत नाही, तुलाही त्रास, बाबांनाही त्रास." निकिता खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. नवे पडदे धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावलेत तिने. जायचंय तर पडद्यांना इस्त्री कशाला? एक काम धड नाही.

दुपारी एलियांना चकली दिली. बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "मेट्रन, तुझ्या चकलीत तीळ लई असत्यात." आणि न खाताच बशीत परत ठेवली.

मी म्हटलं, "मग? मी काय केलं?"

 ती चकली मग मीच खाल्ली. 

ती मूर्ख पोरगी. मी तिला सांगितलं होतं का माझ्यासाठी खोटं बोल म्हणून? लोकांची उपकार करायची हौस भलतीच असते. ती त्या दिवशी टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने कढई बघितली होती. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं आणि मी तिला रोज, रोज. बोलायचं ना मग! तोंड नव्हतं का तिला?

आज आणखी लिहिवत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

सभा झाली. झाली म्हणजे काय, झाली.

पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. बसायला जागा उरली नाही, कारण फराळ माझा असला की लोक उपासतापास मोडून येतात. मरियासुद्धा आली. दारापाशी खुर्ची टाकून बसली. गीतं झाली, पाळकसाहेबांचं बोलणं झालं आणि साक्षींना सुरुवात. पहिली कोण? रतनबाई. शेळीवाली.

उभी राहिली, डोळे मिटले, हात वर केले. "प्रभूची स्तुती असो. एलियाभाऊंना पायावर उभं केलं. पन आज माझ्या मनावर या घरच्या सुनंचं वझं आलंय. पोरगी शिकल्याली, पन प्रभू, तिला थोडं शानपन दे. संडासात डालडा वतती म्हनं! म्हाताऱ्या मानसाचे हाल झाले. आपुन समद्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करू."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. पाळकसाहेबांनी खोकल्यासारखं केलं, पण मला हसू ओळखता येतं.

निकिता चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभी होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. कप ट्रेमध्ये खणखण वाजत होते. स्टीफन जमिनीकडे बघत होता. एलिया माझ्याकडे. मरिया माझ्याकडे.

आणि मला रतनबाईचा जो संताप आला! हिला काय अधिकार? माझ्या घरात बसून, माझा फराळ पदरात बांधून, माझ्या सुनेसाठी प्रार्थना करते!

मी म्हटलं, "रतनबाई, खाली बसा."

तिने डोळे उघडले.

"हिला चकली तळता येते, असं सांगितलं कुणी तुम्हाला? हिला साधा पापड भाजता येत नाही. त्या चकल्या माझ्या. ते तीळ माझे. तो डालडा माझा. माझ्या कढईला मी कुणाला बोट लावू देत नाही, ही काय कप्पाळ ओतणार? मी ओतला. तीन वेळा ओतला. संडास मी तुंबवला. माझ्या माणसाचे हाल मी केले आणि या पोरीला नाही नाही ते बोलले. ती माझ्यासाठी खोटं बोलली, कारण ती बिनडोक आहे. आता ज्याला हसायचं असेल त्याने माझ्याकडे बघून हसावं."

कुणी हसलं नाही.  पाळकसाहेब सवयीने म्हणाले, "आमेन."

मग हसले ते एलिया. पोट धरून, खुबा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मंडळी सुटलीच.

 निकिताच्या हातातून मी ट्रे घेतला, कारण तिने तो सांडला असता. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. इथं लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही: मला लाज वाटली, फार वाटली.

सगळे निघाले तेव्हा मरिया दारात थांबली. एक करंजी तोंडात, एक हातात. "औंदा मऊ झाल्यात, आक्का," म्हणाली.

मी म्हटलं, "दात नाहीत तुला, म्हणून तसं वाटतं." पण ताट भरून दिलं तिला. मनीप्लांट मेलं का विचारलं. मेलं म्हणाली. आमच्या अंगणातलं एक खुडून दिलं.

२५ डिसेंबर, नाताळ

उपासनेला गर्दी. नव्या साड्या, जुने सूर. निकिता माझ्या शेजारी बसली. गीताचं पुस्तक एकच होतं म्हणून दोघींनी धरलं. ती बेसूर गाते. पण मोठ्याने गाते, घाबरत नाही.

बॅगा भरलेल्याच आहेत. कुणी काढल्या नाहीत, कुणी उचलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

३० डिसेंबर

स्टीफन टेम्पो घेऊन पुण्याला गेलाय, उरलंसुरलं सामान आणायला. कपाट, पुस्तकं आणि व्यायामाची एक सायकल, जी चालवली तरी कुठं जात नाही. एवढ्याशा घरात हे ठेवणार कुठं? मी सकाळीच त्याला ऐकवलं. एलिया म्हणाले, "ठिवू, टाकीवर ठिवू." सध्या प्रत्येक वाक्यात त्यांना टाकी लागते.

निकिताच्या अवेळच्या अंघोळी मात्र बंद झाल्यात. बंब सकाळी पेटतो तेवढाच. जळण वाचलं, पण अचानक काय झालं ते कळलं नाही. पुण्याच्या लोकांचं काही सांगता येत नाही, थंडी वाढली असेल.

नव्या वर्षासाठी चकल्या तळायला बसले. मरिया भाजणी घेऊन आली होती, बरी होती तिची भाजणी. निकिताला साचा धरायला दिला. तिच्या चकल्या म्हणजे वादळात सापडलेली गांडुळं. तसं सांगितलं तिला. म्हणाली, "पुढच्या वर्षी गोल येतील." पुढच्या वर्षी, असं म्हणाली.

शेवटचा घाणा निघाला. कढईतला डालडा काळाभोर. निकिताने पदर खोचून कढई दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यांच्या देखत, अगदी साळसूद तोंड करून मला विचारलं, "आई, हे कुठं ओतू?"

मरियाच्या तोंडातला चहा उडाला. एलिया तर खुर्चीतून पडायचेच बाकी होते.

मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर ओत."

ती म्हणाली, "आधी थंड होऊ द्या, मग ओतते."